ल प्वी ते काँक: फ्रान्समधल्या वाटाड्याविना पायी सहलीचं पॅकेज घ्यावं का?

फ्रान्सच्या ग्रामीण भागातून वाटाड्याशिवाय चालायची पॅकेजेस विकणाऱ्या एजन्सी बऱ्याच आहेत आणि त्यांच्या यादीत एक सहल हमखास सापडते: ल प्वी-आं-व्हले ते काँक. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाला जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गाचा हा फ्रान्समधला तुकडा. आजच्या नकाशावर त्याचं नाव जीआर ६५ (जीआर म्हणजे फ्रान्समधली लांब पल्ल्याची, खुणा केलेली पायवाट). अंतर २०० किमीच्या थोडं वर, आणि बहुतेक पॅकेजांत चालायचे दिवस नऊ किंवा दहा.

निकाल आधीच सांगून टाकतो. पॅकेज घेण्यासारखं आहे, पण एजन्सीच्या पानावर छापलंय तसंच्या तसं नाही. मुक्कामाची आरक्षणं आणि सामान पुढे पोचवणं यासाठी पैसे जरूर मोजावेत. दिवसांची विभागणी, दुपारचं खाणं आणि काँकहून परत निघणं या तीन बाबतींत मात्र छापील आराखड्यावर विसंबून राहू नये.

पॅकेजमध्ये साधारणपणे मिळतं ते असं: रोजची खोली, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी (याला तिकडे दमी-पाँसियाँ म्हणतात), माणशी एक बॅग पुढच्या मुक्कामी, वाटेची टिपणं, मोबाइलच्या नकाशावर वाट दाखवणारी जीपीएक्स फाइल आणि अडचणीत लावायला एक फोन नंबर. दुपारचं जेवण, रेल्वेचं तिकीट, प्रवास विमा हे बहुधा नसतं. पर्यटक कर मुक्कामाच्या जागी रोख द्यावा लागतो. तो फार नसतो, पण सुटे युरो जवळ हवेत.

किंमत दोघांनी एक खोली घेतली तर माणशी हजार युरोंच्या आसपास किंवा थोडी वर जाते. एकट्याने जाणाऱ्याला एका माणसाच्या खोलीचा अधिभार चांगलाच टोचतो. हेच सगळं स्वतः जमवलं तर? ‘जीत देताप’ म्हणजे पदयात्रींसाठीचं साधं निवासगृह. तिथे सामायिक खोलीतला पलंग, दोन्ही वेळच्या खाण्यासह, साधारण ४५ ते ५५ युरोंना मिळतो. बॅग पोचवायचे एका टप्प्याचे ८ ते १० युरो. म्हणजे नऊ रात्रींचे साडेपाचशेच्या आत-बाहेर. आकडा बघून पॅकेज दुप्पट महाग वाटतं, पण ही तुलना बरोबर नाही, कारण पॅकेजमध्ये बहुतेक ठिकाणी स्वतंत्र खोली असते. ‘शांब्र दोत’, म्हणजे कुणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली, जेवणासह माणशी ७० युरोंच्या पुढेच जाते. खोलीची तुलना खोलीशी केली तर एजन्सीचा वाटा अडीचशे युरोंच्या घरात येतो.

त्या अडीचशे युरोंत खरं काय विकत मिळतं, तर फ्रेंचमधले फोन. वाटेवरची कित्येक जीत दहा-पंधरा पलंगांची असतात. मालक दिवसा शेतावर किंवा स्वयंपाकघरात, ईमेलला उत्तर चार दिवसांनी, आणि फोनवर इंग्रजीची खात्री नाही. पलंग राखला जातो तो पुष्कळदा तोंडी. फ्रेंच माणसाला यात काही वावगं वाटत नाही, भारतीय पासपोर्टवाल्याला मात्र इथेच अडतं. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद लागतो. तोंडी आरक्षणाचा कागद कुठून आणणार? एजन्सी सगळ्या रात्रींची नावं-पत्ते असलेलं एकच पत्र देते, आणि आमच्या मते भारतातून जाणाऱ्यासाठी पॅकेजचा सर्वांत मोठा फायदा हाच. पत्रावरचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच हवं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर त्यासकट. आगाऊ रक्कम भरल्यावर लगेच हे पत्र मिळेल का आणि व्हिसा नाकारला तर किती पैसे परत, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावेत. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. विमा घेताना डोंगरातून माणूस बाहेर काढायचा खर्च त्यात आहे का, तेही बघून घ्यावं.

आता दिवसांची विभागणी. सह्याद्रीत नियमित फिरणारा माणूस हा नकाशा बघून हसतो: सबंध वाटेवर सर्वांत उंच जागा १,३७० मीटरच्याही आत, एकही कातळटप्पा नाही, दोर नाही. दम लागण्याचा प्रश्नच नाही, हे खरं. प्रश्न पायांचा आहे. आपल्याकडचा ट्रेक एका दिवसाचा किंवा फार तर दोन दिवसांचा असतो. इथे २०-२५ किमी रोज, सलग नऊ दिवस, आणि त्यातला बराच भाग डांबरी किंवा कडक मातीच्या गाडीवाटांवर. तिसऱ्या दिवशी तळपायाला फोड, पाचव्या दिवशी गुडघा, हा ठरलेला क्रम. जाण्याआधी गड चढायचा सराव असून भागत नाही. लागोपाठ तीन दिवस सपाट रस्त्यावर २० किमी चालून बघावं, तेही त्याच बुटांत.

छापील आराखड्यात पहिलाच दिवस ल प्वी ते सें-प्रिव्हा-दालिए असा २४ किमीचा असतो. ल प्वीच्या कॅथेड्रलमध्ये सकाळी सातला यात्रेकरूंसाठी मास, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाविधी, असतो, मग आशीर्वाद, मग पायऱ्या उतरून चालायला सुरुवात. धर्माशी देणंघेणं नसलं तरी ते बघावंसं वाटतंच, आणि निघायला आठ-साडेआठ होतात. शहर साधारण ६३० मीटरवर, आणि माँबॉनेच्या आसपास वाट ११०० मीटरच्या वर पोचलेली असते. विमानप्रवासाचा शीण अंगात असताना हे सगळं पहिल्याच दिवशी नको. एजन्सीला सांगून पहिला मुक्काम माँबॉनेला घ्यावा, सुमारे १६ किमीवर. दुसरा मोनिस्त्रोल-दालिएला आणि तिसरा सोगला. एक दिवस वाढतो, पण त्यामुळे रोशग्यूदच्या कड्यावरच्या छोट्या चॅपलपासून आलिए नदीच्या घळीत उतरणारा तीव्र, दगड-मुळांचा उतार आणि त्यापलीकडचा चढ एकाच दिवशी येत नाहीत. हा उतार पावसात निसरडा होतो, आणि सहलीतलं पहिलं मुरगळणं बहुधा इथलंच. मोनिस्त्रोलहून पलीकडे चढ पुन्हा ४०० मीटरहून जास्त, आणि तो सगळा सुरुवातीच्या पाच-सहा किमीत. सकाळी ताज्या पायांनी तो सहज निघतो.

सोग ते ल सोव्हाज आणि तिथून ओमाँ-ओब्राक हा मार्जरीद भागातला ग्रॅनाइटचा, पाइनच्या जंगलांचा पट्टा. चालायला सुखाचा, सांगण्यासारखं फार नाही. फक्त एक तपासावं: ल सोव्हाज म्हणजे माळावरचं एकटं मोठं दगडी शेतघर, आजूबाजूला दुसरी सोय जवळपास नाहीच. तिथले पलंग भरले की एजन्सी दिवस थेट सेंतालबांपर्यंत ताणते, म्हणजे ३० किमीच्या वर. किंवा आडवाटेच्या एखाद्या घरात ठेवते. ‘मुक्काम वाटेपासून किती किमी दूर, आणि न्यायला-आणायला गाडी येणार का’ हे प्रत्येक रात्रीसाठी विचारावं. दमलेल्या संध्याकाळी जादा तीन किमी फार लांब असतात.

नास्बिनाल ते सें-शेली-दोब्राक हा १७ किमीचा दिवस या सहलीचा कळस. फ्रान्समधल्या या यात्रामार्गांना १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात घेतलं, तेव्हा मार्गाचे जे निवडक तुकडे नोंदवले त्यात हा आहे. उघडं पठार, दगडी कुंपणं, चीज करायची जुनी एकटी दगडी घरं, आणि पिवळसर तपकिरी ओब्राक गाई, डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या. वाट थेट कुरणांतून जाते. फाटक उघडलं तर मागे लावायचंच. विजेच्या तारेला रबरी मूठ असेल तर तिथूनच तार काढायची आणि परत अडकवायची. वासरू आणि गाय यांच्या मधून जायचं नाही, मग वाटेला वळसा पडला तरी चालेल. आठ दिवसांत उरकणाऱ्या काही पॅकेजांत नास्बिनालहून थेट सें-कोमपर्यंत नेतात, ३३ किमी. हे साफ नाकारावं. त्यात सहलीतला सर्वांत चांगला दिवस घड्याळाकडे बघत जातो. शिवाय पठारावरच्या १,३६० मीटरवरून सें-कोमच्या पावणेचारशे मीटरपर्यंतचा सगळा उतार एका दिवसात गुडघ्यांवर येतो.

त्यापुढे लोत नदीचं खोरं: सें-कोमच्या चर्चचा पिळलेला मनोरा, एस्पालियाँचा जुना पूल, एस्तेंचा किल्ला. एस्तेंनंतर गोलिन्याकपर्यंतचा डांबरी नागमोडी चढ उन्हात कंटाळवाणा होतो, तो सकाळी उरकावा. काँकमध्ये शिरणारा शेवटचा उतारही तीव्र आणि खडकाळ आहे. तिथे काठ्या लागतातच. ट्रेकिंग पोल विमानात हातातल्या सामानात चालत नाहीत, ते मोठ्या बॅगेत घालावेत, आणि डांबरासाठी टोकांना रबरी टोप्या घ्याव्यात.

खुणा उत्तम आहेत. पांढरा पट्टा वर, लाल खाली: वाट बरोबर. पट्ट्यांखाली वळलेला बाण: वळण येतंय. पांढरा-लाल फुलीचा आकार: इकडे नाही. पिवळा एकटा पट्टा स्थानिक फेरीचा, पिवळा-लाल प्रदेशातल्या गोल वाटेचा. घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने. पांढरा-लाल रंग सगळ्याच जीआर वाटांचा असतो, आणि ल प्वीहून जीआर ६५ खेरीज इतरही जीआर वाटा फुटतात. पुढेही जोडवाटा आहेत. फाट्यावर रंग बघून भागत नाही, पाटीवरचा आकडा वाचावा. निळ्यावर पिवळ्या शिंपल्याची, म्हणजे या यात्रेच्या चिन्हाची, खूण भरवशाची आहे, पण शिंपल्याचं टोक ज्या दिशेला तिकडे वाट असा अर्थ सगळीकडे लागत नाही. दहा मिनिटं चालून एकही खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत यावं. एजन्सीची लेखी टिपणं बहुधा जुनी आणि ढोबळ असतात, आम्ही त्यांना फारसे गुण देत नाही. जीपीएक्स फाइल आणि फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचे, आयजीएनचे, १:२५,००० नकाशे मोबाइलवर उतरवून ठेवणं पुरेसं. घळींत आणि जंगलात नेटवर्क जातं, म्हणून हे हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्री करावं. फ्रेंच वाटपुस्तिकांतली वेळ ताशी ४ किमीच्या हिशोबाने असते, त्यात थांबे धरलेले नसतात.

सामानाची सेवा हा या पॅकेजचा सर्वांत भक्कम भाग. या वाटेवर ला माल पोस्ताल आणि त्रान्सबागाज या दोन कंपन्यांच्या गाड्या हंगामात, म्हणजे साधारण एप्रिल ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, रोज फिरतात. बॅग सकाळी आठच्या आत दाराशी ठेवायची, दुपारनंतर पुढच्या मुक्कामी मिळते. वजनाला मर्यादा असते आणि चार चाकांच्या मोठ्या कडक सुटकेसा चालतीलच असं नाही, तेव्हा मऊ डफल बॅग न्यावी. बाहेर लोंबणारी बाटली, चटई, बूट बांधू नयेत, ते वाटेत गळून पडतात. पासपोर्ट, औषधं, चार्जर, पावसाळी कपडे पाठीवरच्या सॅकमध्येच, कारण बॅग संध्याकाळी पाचपर्यंत हाती लागणार नाही. कित्येक जीतमध्ये ढेकणांच्या भीतीने सॅक खोलीत नेऊ देत नाहीत. दाराशी टोपली असते, लागेल तेवढंच त्यात घेऊन वर जायचं. यात अपमान वाटून घ्यायचं कारण नाही, उलट असं निवासगृह चांगलं समजावं. पांघरूण मिळतं, चादर मिळेलच असं नाही, म्हणून शिवलेली पातळ चादरीची पिशवी जवळ असावी.

जेवणाबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्या लोकांची खरी आबाळ इथे होते. रात्रीचं जेवण सातला किंवा साडेसातला, सगळ्यांना एकाच टेबलावर, एकच बेत. उशिरा पोचलात तर स्वयंपाकघर पुन्हा उघडत नाही. शाकाहारी आहात हे आरक्षणाच्या वेळी कळवलं तर सोय होते, ताटावर बसून सांगितलं तर ऑम्लेट येतं, तेही नशिबात असेल तर. नुसतं ‘व्हेजेतारियें’ म्हणून थांबू नये. ‘नी व्हियांद, नी प्वासाँ, नी लार्दाँ’ असं म्हणावं, म्हणजे मांस नको, मासे नकोत, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे नकोत. हे तुकडे तिकडे सॅलडमध्ये सहज पडतात आणि बऱ्याच यजमानांना ते मांसात मोजावेत असं वाटतच नाही. ल प्वीची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे, १९९६ पासून तिला उगमस्थानाचं संरक्षण आहे, पण ती बहुतेक वेळा सॉसेज किंवा खारवलेल्या डुकराच्या मांसासोबत शिजते. वेगळी काढून ठेवा, असं आधी सांगावं लागतं.

ओब्राक पठारावरचं आलिगो मात्र शाकाहाऱ्यांचा आधार आहे. किलोभर कुस्करलेल्या बटाट्याला साधारण ४०० ग्रॅम ताजं तोम चीज, लोणी, क्रीम आणि लसूण, आणि ते लाकडी पळीने तारा सुटेपर्यंत घोटायचं. बाजूला सॉसेज येतं, ते नको म्हणून सांगावं. कडक शाकाहारी आणि जैन मंडळींना आणखी एक कळायला हवं: तिकडची पारंपरिक चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणाने, लावलेली असतात, आणि सूपचं पाणी बरेचदा मांसाचं किंवा कोंबडीचं असतं. जैन पद्धतीने दहा दिवस या वाटेवर काढायचे तर स्वयंपाकघर वापरू देणारी जीत निवडून स्वतः शिजवणं हाच मार्ग, आणि त्यासाठी हे पॅकेज योग्य नाही.

दुपारसाठी यजमान पिकनिकची पुडी देतात, ८ ते १२ युरोंना, आदल्या रात्री सांगून. त्यात पावाला हॅम लावलेलं असतं आणि किमतीच्या मानाने ती सामान्यच. बेकरी असलेल्या गावातून पाव, चीज, फळं स्वतः घेणं स्वस्त आणि चवदार. पण वेळ सांभाळावी लागते. लहान गावांतली दुकानं साडेबाराला बंद होतात ती तीन-चारला उघडतात, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी पुष्कळदा दिवसभर बंद. म्हणून शनिवारीच दोन दिवसांचं खाणं बघून ठेवावं. एटीएमही मोठ्या गावांतच, म्हणजे सोग, ओमाँ-ओब्राक, एस्पालियाँ अशा ठिकाणी. काही जीत कार्ड घेत नाहीत.

पाणी माणशी दीड ते दोन लिटर. वाटेत भरायचं तर गावचं कब्रस्तान शोधावं. तिथे फुलझाडांसाठी नळ असतो आणि त्याचं पाणी बहुधा पिण्याचं असतं. ‘नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर पिऊ नये. पठारावरच्या ओढ्यांचं पाणी गुरांच्या कुरणांतून येतं, ते कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नये.

हवामान हा ओब्राकचा एकच गंभीर धोका. धुकं अर्ध्या तासात उतरतं, आणि उघड्या माळावर झाड नाही, घर नाही. ओब्राक गावात बाराव्या शतकात यात्रेकरूंसाठी आश्रम-रुग्णालय उभं राहिलं, आणि वाट चुकलेल्यांना दिशा कळावी म्हणून तिथे धुक्यात-बर्फात घंटा वाजवत. आज मोबाइल आहे, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा पॉवर बँक हवी. एप्रिलमध्ये वर बर्फ असू शकतो. उन्हाळ्यात दुपारी वीज कडाडते, त्यामुळे नास्बिनाल सकाळी लवकर सोडावं. तातडीला ११२.

मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर हे सर्वांत चांगले महिने, आणि नेमकी गर्दीही तेव्हाच. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं म्हटलं तर १ मे, ८ मे आणि असेन्शन या ख्रिस्ती सणाच्या जोडसुट्ट्यांत आठ-दहा महिने आधीचं आरक्षण असलं तरच ओब्राकवर पलंग मिळतो. २५ मेच्या जवळच्या शनिवार-रविवारी फुलांनी सजवलेल्या गाई पठारावर चढवायचा उत्सव असतो. बघायला सुरेख, मुक्काम मिळवायला अशक्यप्राय. दहा दिवस नसतील तर सुरुवातीचा भाग सोडून द्यावा: रेल्वेने ओमाँ-ओब्राकला उतरून काँकपर्यंत १११ किमी, पाच-सहा दिवस. वाटेचा उत्तम अर्धा भाग तोच. त्या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत, त्यामुळे तारखा गाडी बघून ठरवाव्यात.

परतीचं बघून ठेवावं, कारण काँकला रेल्वे नाही आणि पॅकेज बहुधा शेवटच्या न्याहारीला संपतं. सामान नेणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या माणसांनाही ल प्वीला परत नेतात. जागा मर्यादित, आगाऊ आरक्षण आवश्यक. दुसरा मार्ग टॅक्सीने रोदेझ, साधारण ४० किमी, आणि तिथून रेल्वे. पॅरिसला रात्रीची थेट गाडीही आहे, मात्र रुळांच्या कामांमुळे ती काही तारखांना नसते. दोन्हींपैकी काहीही निवडलं तरी काँकला एक जादा रात्र पॅकेजमध्ये घालून घ्यावी. पोचलेल्या दिवशी सँत-फ्वा मठाच्या दारावरचा अंतिम न्यायाचा शिल्पपट डोळ्यांत मावत नाही. संध्याकाळी मठातले पुरोहित त्याची माहिती सांगतात, ती फ्रेंचमध्ये असते. आतल्या खिडक्यांना रोदेझमध्येच जन्मलेल्या चित्रकार पिएर सुलाज यांची काच आहे, १९९४ मध्ये पूर्ण झालेली. तिला रंग नाही, आणि उन्हाप्रमाणे तिचा उजेड बदलतो, म्हणून ती सकाळी एकदा आणि दुपारी एकदा बघावी. ल प्वीची गाडी पकडायची घाई असलेल्याला ती एकदाच दिसते.